माल किती फिरला ते बघा: छोट्या धंद्याचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात किरकोळ धंद्यावर प्रश्न पाठवा म्हटलं, तर विकणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांचीच पत्रं जास्त आली, आणि त्यातली निम्मी तक्रारीची. असू दे. मी छोट्या दुकानदारांच्या वह्या लिहिणारा माणूस, त्यामुळे उत्तरात आकडे येणार, आणि जिथे 'समजा' लिहिलंय ते उदाहरण म्हणूनच घ्या, भाव तर रोज बदलतात.

आमच्या इथली भाजीवाली टोमॅटो ४० रुपये किलो देते. वाशीला तोच टोमॅटो २० ला असतो असं माझे मिस्टर म्हणतात. म्हणजे डबल नफा झाला की! आम्ही घासाघीस केली तर लगेच तोंड वाकडं करते. ही लूट नाही का?
एक गृहिणी, घाटकोपर

ताई, मिस्टरांचा भाव बरोबर असेलही, पण तो वाशीच्या घाऊक बाजारातल्या गाळ्यावरचा भाव आहे आणि तुमची भाजीवाली गाळ्यावर बसत नाही. समजा २५ किलोचं क्रेट तिने ५०० रुपयांना उचललं. हमाली आणि टेम्पोतला तिचा वाटा धरून ते घाटकोपरला पोचेपर्यंत ५५० झाले. क्रेट उघडलं की खालच्या थरातले दोन-अडीच किलो दबलेले निघतात, पाव-पाव किलो मोजताना काटा जरा गिऱ्हाइकाकडेच झुकतो, म्हणजे विकायला हातात राहिले २२ किलो. इथेच खरेदी २५ रुपये किलो पडली, अजून एक पैसा कमावलेला नाही.

आता विक्री. सकाळी ४० चा भाव असतो तेव्हा जातात समजा १२ किलो, म्हणजे ४८०. दुपारी ऊन लागलं की माल सुकायला लागतो, संध्याकाळी ती ३० ला येते, त्यात सात किलो, २१०. रात्री नऊला उरलेले तीन किलो वाटे लावून पंधराच्या भावात काढून टाकते, ४५. झाले ७३५, म्हणजे ५५० वर १८५ सुटले. तुम्ही सकाळी जाता म्हणून तुम्हाला ४० च दिसतात, रात्रीचे वाटे कोणी बघत नाही. आणि टोमॅटो तरी बरा, मेथी-पालकाला तर दुसरा दिवसच नसतो, जुडी संध्याकाळी मान टाकते आणि मग ते मातेरंच.

तर अशाच हिशेबाने दिवसाची ४ हजारांची खरेदी असेल तर वर १३०० च्या आसपास सुटतात. त्यातून पिशव्या, चहापाणी, रात्री माल ठेवायच्या जागेचं भाडं असे अडीचशे गेले, राहिले हजारभर. यात रोजगारही आला, पहाटे तीनला उठून वाशी गाठणं आलं, आणि घरचं कोणी मदतीला बसत असेल तर त्याचीही मजुरी याच हजारात.

आता खरी गोम ऐका, कारण याबद्दल कोणी विचारतच नाही. ते सकाळचे ४ हजार कोणाचे? बऱ्याच जणींचे स्वतःचे नसतात. बाजारात रोजावर पैसे देणारे असतात, सकाळी नऊशे हातात ठेवायचे आणि संध्याकाळी हजार घ्यायचे. ४ हजारांच्या मालाला रोजचे साधारण ४४० तिथेच जातात. म्हणजे त्या हजारातून उरले सहाशेच्या आसपास. महिन्याचे २५ दिवस धरा, ११ हजार रुपये नुसतं भांडवलाचं भाडं, आणि तेही कशासाठी, तर ४ हजारांसाठी, जे पंधरा दिवस थोडे थोडे बाजूला टाकले असते तर तिचे स्वतःचेच झाले असते. पण ते बाजूला पडत नाहीत, कारण घरात रोज काहीतरी निघतंच, पोराची फी, औषध, गावची कोणाची तरी लग्नं. बायका भिशी लावतात ती याचसाठी, स्वतःच्या हातात पैसा राहिला तर टिकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी नावाची कर्जयोजना २०२० च्या जूनपासून आहे, त्याचा खरा उपयोग इथे आहे. आधी पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये ते १५ हजार केलं, ते फेडलं की दुसरं २५ हजार आणि तिसरं ५० हजार. तारण लागत नाही. हप्ते वेळेवर गेले तर ७ टक्के व्याजाचं अनुदान खात्यात येतं. १५ हजारांचा वर्षभराचा हप्ता महिन्याला तेराशे-चौदाशेच्या घरात बसेल, आणि समोर रोजावरचे महिन्याचे ११ हजार ठेवून बघा. फक्त एक, ते १५ हजार आले की त्यातून पहिलं काम रोजावरचा माणूस बंद करायचं. नवा फोन घेतलात तर रोजावालाही चालू आणि बँकेचा हप्ताही चालू, असे गल्ले मी बघितलेत.

तेव्हा घासाघीस करा, तो बाजारच आहे, तिलाही त्याची सवय आहे. पण रात्री आठनंतर करा, तेव्हा तिलाही माल काढायचा असतो आणि तुम्हालाही खरंच स्वस्त मिळतं. सकाळी नऊला करून तोंडच वाकडं होणार. आणि घरून पिशवी न्या हो, राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, सापडली तर पहिलाच दंड ५ हजारांचा, म्हणजे तुमच्या एका पिशवीसाठी तिची आठवड्याची कमाई.

माझी आई मालाडला बरीच वर्षं केळी विकते. मध्ये पालिकेची गाडी आली आणि टोपल्यांसकट सगळं उचलून नेलं. सोडवायला गेलो तर उद्या या, परवा या. तोपर्यंत केळी काळी. यात कायदा काही म्हणतो का, की आम्ही गपचूप बसायचं?
एक वाचक, मालाड

कायदा बरंच म्हणतो. २०१४ चा पथविक्रेत्यांचा केंद्राचा कायदा आहे, १ मे २०१४ पासून लागू. त्यात माल जप्त केला तर काय काय उचललं त्याची सहीनिशी यादी द्यायला लागते. नाशवंत माल असेल तर मागणी केल्यावर त्याच दिवशी परत द्यायचा, आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. केळी नाशवंतच. जागेवरून कायमचं हटवायचं असेल तर आधी ३० दिवसांची नोटीस. हे नुसतं तोंडी सांगून उपयोग नाही, जागेवरच यादी मागा, देत नाहीत तर फोनवर फोटो काढा, तारीख-वेळ दिसू दे, आणि त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी फेऱ्या मारल्या की कुठेच काही राहत नाही, पोच असली तर पुढे बोलायला काहीतरी हातात असतं. भांडण करू नका, त्यात टोपली तर जातेच वर अजून काहीतरी मागे लागतं.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर तुम्ही कायद्याचा कागद घेऊन जाल आणि हात हलवत परत याल. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने सांगितलं की रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत आणि शाळा, देवळं, हॉस्पिटलं यांच्यापासून १०० मीटरच्या आत फेरीचा धंदा नको. म्हणजे जिथे माणूस थांबतो आणि खिशात हात घालतो नेमकी तीच जागा गेली. मालाडसारख्या स्टेशनबाहेर १५० मीटर म्हणजे जवळजवळ अख्खा बाजार. आई त्या आत बसत असेल तर बाकीचे मुद्दे कितीही बरोबर असले तरी अडचण येणार. आधी अंतर मोजा.

आणि सर्टिफिकेटचं, म्हणजे फेरीवाला म्हणून धंदा करायच्या परवान्याचं, काय ते बघा. मुंबईत फेरीवाल्यांचा सर्व्हे २०१४ ला झाला, सुमारे ९९ हजार अर्ज आले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये नगर पथविक्रेता समितीच्या (फेरीवाल्यांचं काम बघणारी समिती) निवडणुकीला मतदारयादीत नावं होती साधारण ३२ हजार. दहा वर्षं लागली इथपर्यंत यायला, आणि मुंबईत फेरीवाले किती हे कोणालाही रस्त्यावर उभं राहून दिसतं. त्या समितीत ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका, असं कायद्यातच आहे. आईचा २०१४ चा अर्ज, त्याची पावती, जुन्या दंडाच्या पावत्या, सगळं एका फाइलीत लावा. दंडाची पावती लोक रागाने फाडून टाकतात, फाडू नका, अमुक साली अमुक जागी धंदा करत होती याचा तो सरकारी कागद आहे. सर्टिफिकेट मिळालं तर पुढे आई आजारी पडली किंवा काही बरंवाईट झालं तरी नवरा किंवा अवलंबून असलेलं मूल त्याची मुदत असेपर्यंत ती जागा चालवू शकतं. भाड्याने मात्र देता येत नाही.

परळला वडिलांपासूनचं किराणा दुकान आहे. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपमुळे टॉवरमधली गिऱ्हाइकं गेली, चाळीतली राहिली पण ती उधारीवर. गल्ला निम्म्यावर आलाय. मुलगा म्हणतो भाड्याने देऊन मोकळे व्हा. काय करू?
एक दुकानदार, परळ

दादा, भाड्याचं शेवटी बोलू. आधी एक करा, रविवारी शटर अर्धं ओढून दुकानातला माल मोजा, आणि प्रत्येक वस्तूपुढे फक्त एवढंच लिहा की शेवटची कधी विकली. किती सुटतात ते नको, कधी विकली ते हवं.

कारण किराण्यात प्रत्येक नगावर कमाई कमीच. कंपनीच्या साबण-बिस्किटावर दहाच्या आसपास टक्के, साखरेत त्याहून कमी, पिशवीच्या दुधावर तर नावापुरतं, दूध आपण गिऱ्हाईक रोज पायरीवर यावं म्हणून ठेवतो. (आणि फ्रिजचे म्हणून छापील किमतीवर एक-दोन रुपये जास्त लावत असाल तर ते बंद करा, तो वजनमाप कायद्याखाली गुन्हा आहे, तेवढ्यासाठी नाव जातं.) बरे पैसे सुट्यात असतात, डाळी, पोहे, रवा, शेंगदाणे, मसाला. मग एवढ्या बारीक टक्क्यात दुकान चालतं कसं, तर तोच रुपया महिन्यात दोनदा-तीनदा मालातून फिरून परत येतो म्हणून. शॅम्पूची मोठी बाटली आठ महिने फळीवर बसली तर तिच्यावर १५ टक्के असले काय आणि २० असले काय.

उधारीचं गणितही तेच. समजा चाळीत ६० हजार अडकलेत. लोक चांगले आहेत, बुडवत नाहीत, पगाराला देतात, मग तुम्ही म्हणता की नुकसान काय. नुकसान असं की ते ६० हजार हातात असते तर पंधरा दिवसांत एकदा फिरले असते आणि आठ टक्के धरले तरी दर फेरीला ४८०० सुटले असते, महिन्याला ९६००. वरून डिस्ट्रिब्युटरला मागच्या बिलाचे पैसे दिल्याशिवाय तो नवा माल उतरवत नाही, मग तुम्ही उसने घेता, त्याचं व्याज. उधारी बंद करा असं मी म्हणणार नाही, परळच्या चाळीत ती बंद केली तर दुकानच बंद. पण मर्यादा घाला, घरटी अमुक इतकी, आणि मागची पूर्ण आल्याशिवाय नवीन पान नाही. आणि कंपनीचा माल रोखीने, सुटा माल उधारीने, हा नियम एका गिरगावच्या दुकानात बघितला, मला फार आवडला, कारण सुट्यात तुमचे जास्त टक्के असतात तर थांबायची ताकद पण तिथेच.

टॉवरवाल्यांचं म्हणाल तर ती सगळीच परत येणार नाहीत, खोटी आशा लावत नाही. रात्री साडेदहाला आइस्क्रीम आणि चिप्स मागवणारा माणूस गेला तो गेला. पण ॲपचा माल पाकिटात बांधलेला असतो. अर्धा पाव हिंगाष्टक, दोन लिंबं आणि एक नारळ, सत्यनारायणाच्या सव्वाच्या मापाचा रवा, चतुर्थीला रात्री आठवलेली दुर्वांची जुडी, हे तुमच्याकडे. पंचांग गल्ल्यावर ठेवा आणि त्याप्रमाणे माल भरा, आषाढीच्या आधी साबुदाणा-वरई-शेंगदाणे, श्रावणात तेच पुन्हा, गणपतीला गूळ-खोबरं-तांदळाची पिठी. हा माल चार दिवसांत येतो आणि चार दिवसांत संपतो, असं फिरणारं भांडवल वर्षभरात दुसरीकडे कुठे मिळत नाही. व्हॉट्सॲपवर यादी घ्या, पोरगा वर पोचवेल. टॉवरमध्ये आजी-आजोबा राहतातच, त्यांना ॲपपेक्षा 'मागच्यासारखेच तांदूळ दे रे' म्हणता येणारं माणूस लागतं.

आता भाडं. मुलगा चुकीचं बोलत नाहीये. तीन महिने हे करून बघा, मग भाड्यात किती मिळेल आणि दुकानात तुमचा दिवसाचा पगार धरून किती उरतं हे शेजारी मांडा. स्वतःचा पगार धरायचाच, दुकान आपलं आहे म्हणून बारा तास फुकट धरले की कुठलाही धंदा फायद्यात दिसतो. जागा पागडीची, म्हणजे जुन्या भाडेकरूच्या हक्काची, असेल तर मात्र परस्पर पोटभाडेकरू ठेवू नका, जागाच जायची, आधी वकील गाठा.

मुलुंडला वडापावची गाडी आहे. बंगळूरला छोट्या लोकांना यूपीआयवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या असं ऐकलं, आता आमच्या लायनीतले सगळे क्यूआर काढायच्या गोष्टी करतात. काढू का?
एक वाचक, मुलुंड

नका काढू. जुलै २०२५ मध्ये तिकडे नोटिसा आल्या हे खरं, त्यात दूध-भाजीवालेही होते आणि मग करमाफ मालावर वसुली होणार नाही असं सरकारला सांगावं लागलं. नुसती ताजी भाजी, फळं, फुलं विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागतच नाही, उलाढाल कितीही असो.

तुमचं वेगळं आहे. खाद्यपदार्थ बनवून देणं हे जीएसटीत सर्व्हिस धरतात आणि सर्व्हिसला मर्यादा वर्षाला २० लाख आहे, माल विकणाऱ्याची ४० लाख ती तुम्हाला नाही. २० लाख ऐकायला मोठे वाटतात, पण रोजचे होतात साधारण साडेपाच हजार. २० रुपयांचा वडापाव धरला तर २७५ वडे. मुलुंडला स्टेशनकडे तोंड करून उभी असलेली गाडी हे सहज काढते, हो ना? मग रोख घेतले काय आणि यूपीआय घेतलं काय, कर विक्रीवर आहे, क्यूआरवर नाही.

ओलांडत असाल तर कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, नोंदणी करा, दीड कोटींच्या उलाढालीपर्यंत चालतं, विक्रीवर ५ टक्के, तीन महिन्यांनी एकदा भरायचं. गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, म्हणजे २० च्या वड्यामागे तुमचा रुपया गेला. लागतो थोडा जिवाला, पण मागाहून व्याज-दंडासकट येण्यापेक्षा बरा. इन्कम टॅक्समध्ये उलट यूपीआयचा फायदाच आहे, छोट्या धंद्याला अंदाजे नफा दाखवायची सोय आहे त्यात रोखीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के धरतात, अर्थात खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. रिटर्न भरलेलं असलं की बँक कर्जाला उभं तरी करते.

फक्त धंद्याचा क्यूआर वेगळ्या खात्याला लावा. बायकोची भिशी, भावाने पाठवलेले पैसे, मित्राने परत केलेले उसने, सगळं एकाच खात्यात आलं की तेही विक्रीच दिसतं आणि मग एकेका एंट्रीचा खुलासा देत बसा.

जून-जुलैला मासेमारी बंद असते तेव्हा आमच्या बाजारातल्या कोळणी खातात काय? मासे तर तेव्हाही विकतच असतात.
एक वाचक, माहीम

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ६१ दिवस. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल बर्फात घालून इकडे येऊ शकतो. शिवाय कोल्ड स्टोरेजचा, खाडीचा, तळ्यातला, आणि बिनइंजिनाच्या होड्यांना बंदी नाही त्यांचा थोडाफार. पण ज्या शहाण्या असतात त्या उन्हाळ्यातच सुके बोंबील, सोडे, जवळा भरून ठेवतात आणि पावसात काढतात. यात पैसे सहा-आठ आठवडे अडकतात खरे, पण माल सडत नाही आणि भाव चढाच मिळतो. ताज्या माशात बरोबर उलटं, भाऊच्या धक्क्यावर पहाटे लिलावात घेतलेली पाटी दुपारपर्यंत संपली नाही तर बर्फाचा खर्च वाढत जातो आणि भाव उतरत जातो. म्हणून दुपारी एकला सुरमईचा भाव विचारा, सकाळचा विसरून.

नोकरी गेली. हातात ५० हजार आहेत. मोबाइल कव्हर-चार्जरचा स्टॉल टाकू की भाजी? घरचे दोन्हीला नाही म्हणतात.
एक वाचक, भांडुप

कव्हरमध्ये टक्के भरपूर दिसतील, घाऊकला तीस-चाळीसला मिळणारं दीडशेला जातं. पण दर मॉडेलचं वेगळं, त्यात रंग वेगळे, आणि सहा महिन्यांत मॉडेल जुनं. शंभर कव्हरं घेतलीत तर त्यातली तीस तुमच्याकडे कायमची राहायला आलेली असतात. भाजीत टक्के कमी पण पैसा रात्री परत हातात. पहाटेचं उठणं जमणार असेल तर भाजी, नसेल तर कव्हर घ्या पण चार्जर, केबल, काच यावर भर द्या, ते सगळ्या फोनना चालतं.

काहीही केलंत तरी ५० हजारांचा माल भरू नका. १५ चा भरा, १० वजनकाटा-टेबल-ताडपत्रीला (भाजी असेल तर काट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजनमाप खात्याचा, शिक्का ठरलेल्या मुदतीत मारून घ्यायचा), आणि २५ घरी ठेवा, कारण पहिले दोन महिने घर त्यावरच चालणार आहे. आणि माल घ्यायच्या आधी ज्या कोपऱ्यावर उभं राहायचा विचार आहे तिथे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ नुसते जाऊन उभे राहा. कोण जातं, कुठल्या बाजूने जातं, हातात पिशवी असते का, आणि तिथे आधीपासून बसणारा माणूस कोण आहे. त्याच्याशी बोला, त्याच्याकडे नाही असाच माल ठेवा, पहिल्या दिवसापासून वाकडं घेऊ नका. पालिकेची गाडी येते तेव्हा आधी शिट्टी तोच मारणार आहे.